राखीव प्रतींस थोडी विश्रांति



ठाण्याहून भिवंडीकडे जातांना कशेळी, काल्हेर मागें टाकलें कीं पूर्णा गांव लागतें. यंत्रमागांच्या भिवंडीचें हें नवें अंग, जिकडेतिकडे गोदामें. कोणता माल कोणाचा व कोणत्या फळीवर, याची नोंद आतां संगणकांत असते. ती नोंद नाहींशी झाली तर माल जागच्या जागीं असूनहि बेवारशी होतो! म्हणून रोज रात्रीं ठरल्या वेळीं नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरते. ही प्रत म्हणजे बॅकअप, आणि तें यंत्र बॅकअप सर्व्हर.

मग हें इतकें हिताचें काम थांबवावें कशाला? कधीं त्या यंत्राची डिस्क बदलावयाची असते. कधीं ३१ मार्चची मालमोजणी रात्रभर चालते आणि नक्कल करण्याच्या भारानें संगणक मंदावतो. तिसरें कारण अधिक गंभीर. १२ मे २०१७ रोजीं जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर प्रोग्राम शिरला, तर दस्तऐवज कुलूपबंद होतात, नक्कल चालूच राहिली तर त्या निरुपयोगी प्रती जुन्या चांगल्या प्रतींना हुसकून लावतात.

थांबविण्याची रीत सोपी आहे. वेळापत्रक पुसूं नये, निजवावें. लिनक्समध्यें क्रॉनटॅबच्या ओळीआधीं # हें चिन्ह घालतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरांत ‘डिसेबल’ म्हणतात. चालू असलेली नक्कल मात्र पुरी होऊं द्यावी. संपूर्ण सर्व्हरच बंद करणें मला अडाणीपणाचें वाटतें, कारण दुरुस्ती फसली तर जुनी प्रत परत आणावयाची ती तेथूनच.

खरी मेख पुढें आहे. नक्कल थांबली तरी सफाईचें वेळापत्रक निराळें असूं शकतें. ‘सात दिवसांहून जुन्या प्रती काढाव्या’ असा केवळ तारखेवर चालणारा हुकूम जागाच राहिला, तर आठवड्याभरांत कोठार रिकामें! म्हणून सफाईहि सोबतच निजवावी. कांहीं नोंदसंग्रहांत उलटा प्रकार घडतो. एस्‌क्यूएल सर्व्हरमध्यें ‘फुल रिकव्हरी’ पद्धति असेल, तर व्यवहारांच्या रोजनिशीचा बॅकअप झाल्यावांचून तिच्यांतील जागा मोकळी होत नाहीं. रोजनिशी फुगते, डिस्क भरते आणि भरदिवसा काम अडतें.

आणि विसर! थांबलेली नक्कल आरडाओरड करीत नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं ‘गिटलॅब’ या विख्यात कंपनींत चालू नोंदसंग्रह चुकून पुसला गेला. पाहतात तों रोजच्या प्रती तयारच होत नव्हत्या, आणि इशाऱ्याचीं पत्रेंहि पोंचत नव्हतीं. सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं घेतलेल्या एका प्रतीनें पुष्कळसें वांचविलें. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. येथें नक्कल कोणीं मुद्दाम थांबविली नव्हती, तरी परिणाम तोच.

यास्तव थांबवितांनाच पुन्हां सुरू करण्याची तारीख, वेळ व जबाबदार माणसाचें नांव कागदावर लिहून यंत्रापाशीं डकवावें. सुरू केल्यावर रात्रीची वाट न पाहतां लगेच एक संपूर्ण प्रत घ्यावी, तिच्यांतील दोनचार दस्तऐवज दुसऱ्या जागीं उतरवून उघडून पाहावे, आणि मगच तो कागद काढावा.