बर्लिन : दुसऱ्या खेपेला

बर्लिनला प्रथम गेलो १९८६ साली. शहराच्या मधोमध भिंत उभी! पश्चिमेकडून फ्रीड्रिखश्ट्रासे स्थानकात उतरावे, माणशी २५ मार्क सक्तीने बदलून घ्यावेत, दिवसभर पूर्वेकडे हिंडावे आणि रात्री परतावे. उरलेले पूर्वेचे मार्क बाहेर न्यायला बंदी. ते खर्चावेत कशावर, हे आमच्या सौभाग्यवतींनाही सुचेना. यावरून काय ते ओळखा!

परतीची तपासणी स्थानकालगतच्या काचेच्या दालनात. पश्चिमेला जाणाऱ्यांनाच आत प्रवेश, म्हणून निरोप द्यायचा तो दाराबाहेर. बर्लिनकर त्याला ‘अश्रूंचा महाल’ म्हणत. दाराशी एक म्हातारी मुलाचा हात सोडीना.

“अहो, थांबा ना जरा,” ही म्हणाली. मला गाडीची घाई.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत खुली झाली. २०१९ साली पुन्हा गेलो, एकटाच. भिंतीच्या जागी रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ; पोरे सायकलीवरून खुशाल इकडून तिकडे जात होती. मी मात्र ती ओलांडताना खिशातला पासपोर्ट चाचपला! त्या दालनात २०११ पासून संग्रहालय आहे, तेही विनामूल्य.

आत नंतर गेलो. आधी दाराबाहेर, म्हातारी उभी होती तिथे, तासभर थांबलो.