ठेक्याबाहेरचा सिड बॅरेट

सिड बॅरेटचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या डोक्याची गोष्ट निघते. गाण्याची निघत नाही. ५ जून १९७५ची ती हकिगत तर रॉक संगीत न ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असते. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइडचे चौघे 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या गाण्यावर काम करत होते. गाणं त्यांच्या हातून निसटलेल्या मित्राविषयी होतं. त्या दिवशी डोकं आणि भुवया साफ भादरलेला एक लठ्ठ माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला आणि बराच वेळ कुणीच त्याला ओळखलं नाही. तो बॅरेट होता. गोष्ट खरी आहे, पण इतकी गोळीबंद आहे की तिच्यापुढे त्याचे दोन अख्खे अल्बम फिके पडतात. मीही ती कितीदा तरी सांगितली आहे, आणि ऐकणारा गप्प झाला की मला बरं वाटायचं.

मला हे संगीत दिलं ते माझ्या मामेभावाने. नव्वदच्या आसपास त्याने मला एक भरून घेतलेली कॅसेट दिली. एका बाजूला पिंक फ्लॉइड, दुसऱ्या बाजूला बॅरेटचा 'द मॅडकॅप लाफ्स'. दादा तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचा आणि घरातला सगळ्यात चांगला कान त्याचा होता. पुढे तो आजारी पडला. निदान, गोळ्या, मधले बरे महिने, पुन्हा बिघडलेले महिने, असं वीसेक वर्षं चाललं. या काळात घरात त्याच्या गोष्टी तयार होत गेल्या. तो भर पावसात एसटीच्या फलाटावर दोन तास शर्ट वाळत घालून उभा होता, ही त्यातली लाडकी. लग्नकार्यात ती सांगितली जायची आणि लोक हसायचे. मीही सांगायचो. दादा गेल्यानंतर ती कॅसेट मी पुन्हा काढली, आणि हा लेख तिथून सुरू झाला.

बॅरेटचं चरित्र इथे मोजकंच पुरे. रॉजर कीथ बॅरेट, जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. वडील पॅथॉलॉजिस्ट, मुलगा पंधरा वर्षांचा असताना, १९६१च्या डिसेंबरात वारले. चित्रकला शिकायला तो लंडनच्या कॅम्बरवेल कलाशाळेत गेला आणि तिथे पिंक फ्लॉइडचा गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार झाला. बँडचं नावही त्यानेच पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून जुळवलं. ऑगस्ट १९६७मध्ये 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' आला. त्याच वर्षी एलएसडी, दौरे आणि प्रसिद्धी यांच्या गर्दीत तो मंचावर नुसता उभा राहू लागला. जानेवारी १९६८मध्ये डेव्हिड गिल्मर बँडमध्ये आला, एप्रिलमध्ये बॅरेट बाहेर पडल्याचं जाहीर झालं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

एकट्याच्या अल्बमची पहिली सत्रं मे १९६८मध्ये झाली. जुना व्यवस्थापक पीटर जेनर याने ती घेतली, आणि ती अर्धवट राहिली. एप्रिल १९६९मध्ये हार्वेस्ट या नव्या लेबलचा प्रमुख माल्कम जोन्स याने काम पुन्हा सुरू केलं. उन्हाळ्यात ते गिल्मर आणि रॉजर वॉटर्स यांच्या हाती गेलं. दोघे त्याच सुमारास स्वतःच्या 'उमागुमा' या अल्बममध्ये गुंतलेले होते, त्यामुळे मिळतील त्या दिवसांत उरलेली गाणी उरकली गेली. ३ जानेवारी १९७० रोजी 'द मॅडकॅप लाफ्स' प्रसिद्ध झाला. मॅडकॅप म्हणजे छांदिष्ट. मिक रॉकने काढलेल्या मुखपृष्ठावर बॅरेट अर्ल्स कोर्टमधल्या आपल्या खोलीत, नारिंगी आणि जांभळ्या पट्ट्यांनी रंगवलेल्या जमिनीवर उकिडवा बसलेला दिसतो.

आता गाण्यांकडे. एरवी बहुपदरी ध्वनिमुद्रणात आधी ड्रम आणि बेस गिटार भरतात, त्यावर इतर वाद्यं येतात आणि आवाज बहुधा शेवटी. बॅरेटच्या पुष्कळ गाण्यांत हे उलटं झालं. आधी तो एकटा गिटार घेऊन गायला, आणि त्या फितीवर इतरांनी मागाहून वाजवलं. 'नो गुड ट्राइंग' आणि 'लव्ह यू' यांवर सॉफ्ट मशीन या बँडच्या रॉबर्ट वायट, ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज यांनी असंच नंतर वाजवलं आहे. हे तिघे अवघड मात्रांचे हिशेब रोज करणारे वादक. तरी ऐकताना कळतं की ते बॅरेटच्या किंचित मागे चालत आहेत, पुढचं पाऊल कुठे पडेल याचा अंदाज घेत. वायटने नंतर सांगितलं आहे की गाणं कुठल्या स्वरात आहे असं विचारलं तर बॅरेटचं उत्तर यायचं 'हो'. ही गोष्टही वेडेपणाच्या खात्यावर जमा होते. मला त्यात थोडा खट्याळपणाही ऐकू येतो.

अडचण कुठे होती? मी बोटांवर मात्रा मोजत ही गाणी पुष्कळदा ऐकली. चार-चार मात्रांचे घर धरून बसावं, तर मध्येच एक घर आखूड निघतं, पुढचं लांबतं. आधी वाटतं, हा ताल चुकला. मग लक्षात येतं की हे होतं ते ओळ जिथे संपते तिथेच. शब्द संपले की घर संपलं. शब्द उरले असतील तर गिटार त्यांच्यासाठी थांबते. आपल्याकडे विलंबित ख्यालात गायक कितीही भटकून आला तरी त्याला सम गाठावी लागते, कारण तबला त्याच्यासाठी थांबत नाही. जात्यावरच्या ओवीतही ओळ लहानमोठी असते, पण बाई स्वर ताणून ती जात्याच्या फेऱ्यात बसवते. बॅरेटकडे जातंच शब्दांसाठी थांबतं. एकट्याने गायचं तर यात काहीच बिघडत नाही. पाच जणांनी मिळून वाजवायचं तर मात्र आधीच घातलेल्या छपराखाली भिंती बांधण्यासारखं होतं.

आणि हे शब्द भ्रमातून सांडलेले नाहीत. 'ऑक्टोपस'च घ्या. नाव जत्रेतल्या एका गरगर फिरणाऱ्या पाळण्याचं आहे. गाण्याचं आधीचं नाव 'क्लाउन्स अँड जगलर्स' होतं, म्हणजे ते घडवताना त्यावर हात फिरलेला आहे. त्यातले तुकडे कुठून आले याचा अभ्यासकांनी माग काढला, तेव्हा इंग्रजी मुलांच्या पाठ्यपुस्तकांतल्या कविता हाती लागल्या. हेन्री न्यूबोल्टची टोळांवरची एक कविता त्यांतलीच. 'एफर्व्हेसिंग एलिफंट' त्याने किशोरवयात लिहिलं, आणि त्यात हिलेर बेलॉकच्या बालकवितांची चाल दिसते. विंदांचा 'एटू लोकांचा देश' वाचलेल्या माणसाला हा प्रदेश अनोळखी वाटणार नाही. 'गोल्डन हेअर' तर जेम्स जॉइसची कविता आहे, १९०७च्या 'चेंबर म्यूझिक'मधली पाचवी. खिडकीतून येणारं गाणं ऐकून वाचणारा पुस्तक मिटतो, एवढीच तिची घटना. बॅरेटने तिला मोजक्या स्वरांची चाल दिली, मागे एक गुंजन ठेवलं आणि जवळजवळ जागचा न हलता तो गायला. संपूर्ण अल्बममधलं हे सगळ्यात शांत गाणं, आणि संयमाचंही. ज्याला कुठे थांबावं हे कळत नाही, अशा माणसाचं हे काम नव्हे.

पण त्याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर वेगळंच काही आहे. जुलै १९६९मध्ये मुद्रित झालेली काही गाणी: फक्त आवाज आणि गिटार. कागद उलटल्याचा आवाज, मधलं बोलणं. 'इफ इट्स इन यू'मध्ये तो वरच्या स्वरात सुरुवात करतो, आवाज फाटतो, तो थांबतो, काचेपलीकडच्या माणसांशी थोडं वैतागून बोलतो आणि पुन्हा सुरू करतो. हे सगळं तबकडीत ठेवलं गेलं. माल्कम जोन्सने पुढे या अल्बमच्या निर्मितीवर पुस्तिका लिहिली. तीत त्याने आपला राग लपवला नाही: घरातली धुणी चारचौघांत धुतल्यासारखं हे झालं, अनावश्यक आणि निर्दय. गायला बसलेल्या कुणाचीही सुरुवात चुकते. ती कापून टाकायचा रिवाज आहे आणि याच्यापुरता तो पाळला गेला नाही, असा त्याचा मुद्दा होता. जोन्सने स्वतः मुद्रित केलेलं 'ओपेल' हे लांब, उजाड गाणं अल्बमच्या बाहेर राहिलं. ते १९८८ साली याच नावाच्या संग्रहात आलं. फाटलेली सुरुवात ठेवली आणि 'ओपेल' गाळलं, हा निवडीचा दोष मला अक्षम्य वाटतो.

इतकी वर्षं मी जोन्सच्या बाजूने होतो. आजही निवड करणाऱ्यांचा हेतू मला स्वच्छ वाटत नाही. तरी तो तुकडा आता मला नको आहे असं म्हणवत नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

'बॅरेट' हा दुसरा अल्बम त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७०मध्ये आला. गिल्मरने तो रिचर्ड राइटच्या मदतीने केला आणि जास्त माया लावून केला. गिल्मरने सांगितल्याप्रमाणे त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या: बॅरेटबरोबर एकत्र वाजवणं, जे 'जिगोलो आन्ट'मध्ये साधलं, आधी साथ भरून त्यावर त्याला गाऊ देणं, किंवा त्याचं एकट्याचं गाणं घेऊन त्याभोवती साथ रचणं. परिणाम अधिक नीटस आहे, आणि म्हणूनच थोडा कमी धारदार. अपवाद 'डॉमिनोज'चा. तिथे बॅरेटचं एकल वादन जमेना, तेव्हा गिल्मरने फीत उलटी फिरवली. बॅरेट उलट्या वाजणाऱ्या गाण्यावर वाजवत गेला. फीत सुलट केली तेव्हा प्रत्येक स्वर शून्यातून फुगत येतो आणि ऐन भरात तुटतो, असं वादन हाती आलं. पुढचं काही ठाऊक नसलेल्या वाटेवर हा माणूस अचूक चालला. सुलट वाटेवर त्याला सगळे चार मात्रांत बोलावत होते, हा फरक असेल का?

त्यानंतरचं लवकर संपतं. जून १९७०मध्ये लंडनच्या ऑलिम्पियात गिल्मर आणि जेरी शर्ली यांच्या साथीने चार गाणी, आणि तो मंचावरून उतरला. १९७२मध्ये केंब्रिजला स्टार्स नावाचा बँड, काही आठवडे टिकलेला. १९७४मध्ये ॲबी रोडला काही निष्फळ सत्रं. पुढे तो केंब्रिजला परतला, पुन्हा रॉजर झाला, बाग केली, चित्रं काढली, त्यांचे फोटो घेतले आणि बरीच चित्रं जाळून टाकली. ७ जुलै २००६ रोजी तो वारला. त्याच्या बहिणीने नंतर मुलाखतीत वेडेपणाची दंतकथा नाकारली. मागे राहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात त्याच्या सायकलीही होत्या. चौतीस-पस्तीस वर्षं दारावर येणाऱ्या चाहत्यांना त्याने टाळलं. ती त्याच्याकडे गाणं मागायला येत नव्हती. गोष्ट मागायला येत होती.

दादाच्या कॅसेटच्या कार्डावर त्याने पेन्सिलीने गाण्यांची नावं लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे टेपवरच्या काउंटरचा आकडा. आजारी पडण्याआधीचं, सरळ, दुरुस्तीवाल्याचं अक्षर. 'गोल्डन हेअर'पुढे 'हळू आवाजात'. 'इफ इट्स इन यू'पुढे फक्त 'सुरुवात दोनदा'. कीव नाही, गंमत नाही, उद्गारचिन्ह नाही. टेपमध्ये काय आहे तेवढं त्याने लिहून ठेवलं, पुढच्याला शोधायला सोपं जावं म्हणून. फलाटावरची गोष्ट मी हल्ली सांगत नाही. त्या दिवशी त्याचा शर्ट खरोखर भिजला होता आणि फलाटाला छप्पर होतं, हे मामीने मला फार नंतर सांगितलं.

काउंटरचे आकडे माझ्या डेकवर जुळत नाहीत. त्याने लिहिलेल्या ठिकाणी माझ्याकडे आधीचंच गाणं चालू असतं. मग मी थांबतो, आणि थोड्या वेळाने सुरुवात येते, दोनदा.