‘तसल्यांचा आजार’ आणि नगरची गोष्ट

नगरमध्ये एचआयव्हीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘तो तसल्या पुरुषांचा आजार.’ दुसरं, ‘आपल्याकडे कुठे आहेत तसले?’ दोन्ही खरी असती, तर जिल्ह्यात एकही रुग्ण सापडायला नको होता.

गिरीश कुलकर्णी यांनी 1989 मध्ये स्नेहालय ही संस्था सुरू केली ती नगरच्या वेश्यावस्तीतल्या बायका-मुलांसाठी. पुढे एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या मुलांनाही तिथे आसरा द्यावा लागला. भारतातला बहुतेक संसर्ग स्त्री-पुरुष संबंधांतूनच पसरला. कित्येक बायकांना तो घरातच, नवऱ्याकडून मिळाला. ‘बाहेरच्या’ ठरल्या मात्र त्याच.

मग समलिंगी पुरुषांचं नाव आलं कुठून? 1981 मध्ये अमेरिकेत पहिले नोंदले गेलेले रुग्ण तरुण गे पुरुष होते. सुरुवातीला आजाराला नावही त्यांच्यावरूनच पडलं, ते 1982 मध्येच बदललं. भारतात 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूला संसर्ग आढळला तो देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये. तरी ‘गे पुरुषांचा आजार’ हा शिक्का आयात झालाच.

दुसऱ्या टोकाला जाऊन ‘गे पुरुषांना काही धोका नाही’ म्हणणंही चूक. निरोधाशिवायच्या गुदसंभोगात विषाणू सहज पसरतो, आणि लपून जगणारा माणूस तपासणीला जात नाही. दोन स्त्रियांच्या संबंधांत मात्र हा धोका नगण्य असतो, पण बोलणारे त्यांनाही त्याच यादीत घालतात.

‘मोर्चे काढून काय मिळालं?’ असं विचारणाऱ्यांनी औषधांचा इतिहास बघावा. 1987 मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या ‘अ‍ॅक्ट अप’च्या आंदोलकांनी औषधांच्या मंजुरीतली दिरंगाई सरकारला मोडायला लावली. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक काढलं, 1994 मध्ये त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभारला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये तसाच समपथिक ट्रस्ट सुरू केला. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 डोक्यावर होतं. लखनौमध्ये 2001 साली एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी आत टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का 6 सप्टेंबर 2018 ला काढला. चारच दिवसांनी एचआयव्ही कायदा लागू झाला: संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल चारचौघांत फोडायचा नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरी किंवा उपचार नाकारायचे नाहीत.

‘झाला की संपलं,’ हे तर पार जुनं झालं. 2004 पासून सरकारी एआरटी (एचआयव्ही-उपचार) केंद्रांत औषधं मोफत मिळतात. आता बहुतेकांना रोज एकच गोळी. ती नेमाने घेतली आणि विषाणूंचं प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतकं खाली राहिलं, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. अडचण असते ती घरात गोळी ठेवायची कुठे याची. लेबल खरवडून बाटली पिठाच्या डब्यामागे सरकवली जाते. कारण सासूला अक्षर वाचता येत नसलं तरी जावेला येतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हाच. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. सुधारायचं काही नसतंच. मुलगा बोहल्यावर चढतो, बाहेरचे संबंध चोरून चालू राहतात, तपासणीचं नाव निघत नाही, आणि गरोदरपणाच्या तपासणीत सुनेचा अहवाल पॉझिटिव्ह येतो. मग घरचे तिच्या माहेरी फोन लावतात. मुलाला तपासणीला न्यावं, हे कुणाला सुचतच नाही.