दृष्टीवरील आकस्मिक संकटे

माणसाचा नेत्रगोल जेमतेम २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. परंतु त्याच्या दुखण्यांपैकी कोणते याच घटकेला दाखविले पाहिजे आणि कोणते उद्यावर टाकता येईल, हे ओळखणे सामान्य माणसाला सोपे जात नाही. लाली आणि वेदना यांवरून तो अंदाज बांधतो, आणि हा अंदाज पुष्कळदा चुकतो. जोराच्या खोकल्याने किंवा शिंकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटते व रक्ताचा लालभडक डाग पसरतो. घरातील माणसे घाबरून जातात. पण दृष्टी पूर्ववत असेल, वेदना नसेल आणि डोळ्याला मार लागलेला नसेल, तर तो डाग दोनेक आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो. याउलट एखाद्याच्या एका डोळ्याची दृष्टी काहीही न दुखता क्षणात जाते. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो. आणि रोगी ‘सकाळी पाहू’ म्हणून झोपी जातो. खरी आणीबाणी ही दुसरी होय.

अशा वेळी दृष्टिपटलाला रक्त पुरविणारी मुख्य धमनी गुठळीने बंद झालेली असण्याचा संभव असतो. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात संशोधन केलेले नेत्रवैज्ञानिक सोहनसिंग हेरे यांनी माकडांवरील प्रयोगांत असे दाखवून दिले, की हा रक्तपुरवठा सुमारे दीड तास थांबला तरी दृष्टिपटल सावरू शकते. परंतु चार तासांनंतर त्याची हानी मोठी व कायमची असते. शिवाय अशीच गुठळी मेंदूकडेही जाऊ शकते. म्हणून या रोग्याने चष्म्याच्या दुकानात वेळ न दवडता थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटू लागते तेव्हाही वेदना होत नाहीत. डोळ्यापुढे विजेसारखे चमकते, काळे ठिपके किंवा जाळी एकाएकी तरंगू लागते आणि मग एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार सरकत येतो. हा अंधार मध्यभागी पोहोचण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर वाचन करण्याइतकी सूक्ष्म दृष्टी बहुधा वाचते. नंतर झाली, तर ती पूर्णपणे परतेलच असे नाही.

तीव्र काचबिंदूची गोष्ट निराळी. डोळ्यातील द्रवाचा निचरा एकाएकी तुंबतो. एरवी १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असणारा दाब ५० च्याही वर चढतो. डोळा लाल होतो, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात आणि कपाळ असे ठणकते व इतक्या उलट्या होतात, की पुष्कळांना ते पित्त किंवा अर्धशिशीच वाटते. पोटाच्या औषधात गेलेली एक रात्र येथे फार महाग पडते.

रसायनांच्या बाबतीत तर घटका नव्हे, पळे मोजावी लागतात. आम्लाने पेशींतील प्रथिने गोठतात व त्यांचाच काही अंशी बांध होतो; क्षार मात्र स्निग्ध पदार्थ विरघळवीत आत आत शिरतो. म्हणूनच तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी लहान मुलाने दाबताच फुटली, तर बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या नळीतोफांनी अनेक मुलांचे डोळे दुखावले. कार्बाइड व पाणी यांपासून पेटणारा वायू तर निघतोच, पण मागे चुनाही उरतो. त्यामुळे भाजणे आणि क्षार हे दोन्ही आघात एकदम होतात. अशा प्रसंगी रुग्णालयाची वाट धरण्यापूर्वी, जेथे असू तेथेच, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा. चुन्याचे कण दिसले तर तेही धुऊन काढावेत.

परंतु डोळ्यात काही घुसले असेल, तर हा नियम उलटा होतो. तेव्हा डोळा धुऊ नये, चोळू नये, दाबू नये व रुतलेली वस्तू उपटू नये. कागदी पेल्यासारखे काही डोळ्याला न टेकेल असे वर बांधावे आणि निघावे.

पंजाब-हरियाणात गव्हाच्या कापणीत किंवा मळणीत तूस उडून बुबुळावर ओरखडा उठतो व त्यात बुरशी रुजते. झोपताना स्पर्शभिंगे न काढणाऱ्या तरुणांतही अशी जखम चिघळते. औषधांच्या दुकानातून सल्ल्यावाचून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली ओसरते, पण बुरशी फोफावते. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मग जावे कोणाकडे? चंडीगडसारख्या सेक्टरांत वसविलेल्या शहरात चष्म्याचे दुकान बहुधा पायी जाण्याच्या अंतरावर असते. तेथे प्रशिक्षित दृष्टितपासनीस, म्हणजेच ऑप्टोमेट्रिस्ट, असेल तर तो दृष्टी मोजतो, साधने असल्यास दाब व बुबुळ तपासतो आणि रोग्याला किती घाईने पुढे पाठवावे हे सांगू शकतो. २०२१ च्या संबद्ध आरोग्यव्यवसाय कायद्यात या व्यवसायाला स्थान मिळाले आहे. मात्र दुकानात भिंगे घासणारा प्रत्येक जण ऑप्टोमेट्रिस्ट नसतो, आणि ऑप्टोमेट्रिस्ट हा शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ नव्हे. आघात, रसायन किंवा एकाएकी गेलेली दृष्टी यांसाठी रुग्णालयच गाठले पाहिजे. सेक्टर १२ मधील, १९६२ साली स्थापन झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत, म्हणजे लोकांच्या ‘पीजीआय’मध्ये, स्वतंत्र प्रगत नेत्रकेंद्र आहे. तेथे पंजाब, हरियाणा, हिमाचलपासून रोगी येतात. सिमल्याहून येणाऱ्याला सुमारे ११५ किलोमीटरचा डोंगररस्ता उतरावा लागतो. ज्याची वाट इतकी लांब, त्याने घरी वाट पाहण्यात वेळ घालविणे आणखीच घातक.

दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा झाकून टाकतो. म्हणून शंका येताच आळीपाळीने एकेक डोळा झाकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचून पाहावी. कालपर्यंत दिसणारे अक्षर आज दिसत नसेल, तर वेदना असो वा नसो, तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.