आधी कोण वर जातंय ते बघायचं

मार्च-एप्रिलात सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास नाशिकच्या रामकुंडावर उभं राहून मान वर केली, की घारी दिसतात. त्याआधी त्या पिंपळावर, पाण्याच्या टाकीवर, मोबाइलच्या मनोऱ्यावर बसून असतात. उडाल्याच तर पंख मारत खालच्या खाली जातात. ऊन चढलं की त्यांतली एखादी गोल फिरायला लागते. पंख पसरलेले, हलत मात्र नाहीत, आणि तरीही फेरीगणिक ती लहान लहान होत जाते. थोड्या वेळाने आजूबाजूच्या चार-सहा जणी तिच्या खाली येतात आणि त्याच दिशेने फिरू लागतात. पंचवटीच्या घाटावर वर बघणारे बहुतेक जण पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असतात. घारींच्या या उद्योगाकडे बघायला कुणाला फुरसत नसते.

पाठीला कापडी पंख लावून, इंजिनाशिवाय, या गावाहून त्या तालुक्याला उडत जाणारी माणसं नेमकं हेच करतात. या खेळाचं नाव क्रॉस कंट्री हँग ग्लायडिंग. डोंगरावरून उडी घेऊन पायथ्याच्या शेतात उतरणं हा त्याचा पहिला धडा. खरा खेळ पुढे आहे: उतरायचंच नाही, वाटेत हवेकडून उंची उसनी घेत राहायचं आणि जमेल तितकं लांब जायचं.

ही उंची येते कुठून? ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि जमिनीला लागून असलेली हवा तिच्यामुळे तापते. घाटाचा काळा दगड, बाजार समितीच्या शेडचे पत्रे, नांगरून टाकलेलं कोरडं रान लवकर तापतं. मखमलाबादकडच्या हिरव्या द्राक्षबागा मात्र थंडच राहतात, कारण तिथली बरीचशी उष्णता पानांतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होते, पातेल्याच्या बुडाला चिकटलेला बुडबुडा सुटावा तशी जमिनीपासून सुटते आणि वर निघते. उडणारे तिला थर्मल म्हणतात. ही कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सियसने थंड होत जाते. सभोवतालच्या हवेइतकी थंड झाली की तिचा जोर संपतो, किंवा त्याआधी तिच्यातल्या बाष्पाचा ढग होतो. ढगाचा तळ किती उंचीवर असेल हे काढायचा पायलटांचा एक ठोकताळा आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्यायचा आणि त्याला १२५ ने गुणायचं. उन्हाळ्यातल्या दुपारी ३६ अंश तापमान आणि १२ अंश दवबिंदू असेल, तर उत्तर येतं ३००० मीटर. म्हणजे डोळ्यांना कोरं दिसणारं नाशिकचं आभाळ जवळपास दोन कळसूबाईंइतकं उंच आणि वापरण्याजोगं असतं. डिसेंबरात हा हिशेब बराच खाली येतो.

आता यंत्र. लोक हँग ग्लायडर आणि पॅराग्लायडर यांत नेहमी गल्लत करतात. पॅराग्लायडर म्हणजे पिशवीत मावणारं, दोऱ्यांनी टांगलेलं कापडी छत. हँग ग्लायडरला सांगाडा असतो. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या नळ्या, त्यांवर ताणलेलं पॉलिएस्टरचं कापड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १० मीटर, वजन ३० किलोच्या आसपास. पायलट पोटावर पालथा लटकतो आणि समोरच्या त्रिकोणी दांड्याला धरतो. सुकाणू नाही, पेडल नाही. अंग डावीकडे सरकवलं की पंख डावीकडे वळतो, दांडा छातीकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो.

अंगाचा तोल सरकवून उडायची ही रीत जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालची. १८९१ ते १८९६ या काळात त्याने सुमारे २००० उड्डाणं केली आणि शेवटी अशाच एका उड्डाणात पडून तो गेला. आजच्या पंखाचा आकार अमेरिकेच्या फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या नवरा-बायकोने १९४८ मध्ये काढला. नासाने तो अवकाशयान उतरवण्यासाठी तपासून पाहिला आणि बाजूला ठेवला. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावात जॉन डिकेन्सनने त्याला तो त्रिकोणी दांडा जोडला, आणि सामान्य माणसाच्या हाती लागेल असं काहीतरी तयार झालं.

लिलिएन्थालच्या कितीतरी आधी कुणीतरी पक्ष्यांच्या उंचीचा हिशेब मांडून ठेवला होता. वाल्मीकी रामायणात, किष्किंधाकांडात, सीतेच्या शोधात समुद्रकाठी येऊन हताश बसलेल्या वानरांना संपाती भेटतो. हा जटायूचा थोरला भाऊ. तो आकाशातल्या वाटांचे मजले सांगतो: सगळ्यांत खाली दाणे टिपणाऱ्या चिमण्यांसारख्या पाखरांची वाट, तिच्यावर कावळे आणि फळं खाणारे, मग क्रौंच आणि कुरर, चौथ्या मजल्यावर ससाणे, पाचव्यावर गिधाडं, सहाव्यावर हंस, आणि सगळ्यांच्या वर गरुडवंशाची वाट. गरुड सोडला तर ही यादी आजच्या पक्षीनिरीक्षकालाही फारशी खटकणार नाही. पंख मारून उडणारी लहान पाखरं खाली राहतात. जड अंगाची, रुंद पंखांची, चढत्या हवेवर तरंगणारी वर जातात. यादी रचणाऱ्याने आभाळाकडे पुष्कळ वेळ नुसतं बघितलेलं असणार.

संपातीचे पंख जळालेले असतात. तरुणपणी दोघे भाऊ पैज लावून सूर्याकडे झेपावले, दुपारी जटायू कासावीस झाला, थोरल्याने त्याच्यावर पंख धरले आणि ते करपून तो विंध्य पर्वतावर पडला. उडता येत नसलं तरी त्याला दिसतं सगळं. सीता लंकेत आहे हे वानरांना कळतं ते त्याच्याच डोळ्यांमुळे.

धाकट्याची कथा आपल्या गावातली. सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूने पंचवटीजवळ गाठलं आणि झुंजत झुंजत तो इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला पडला, असं परंपरा सांगते. मरणाऱ्या जटायूला पाणी पाजण्यासाठी रामाने सगळ्या तीर्थांचं पाणी तिथे आणलं, म्हणून ते सर्वतीर्थ टाकेद. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. उडणाऱ्याच्या डोळ्याने पाहिलं तर ते सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आतलं, पण अजिबात सोपं नसलेलं क्रॉस कंट्री उड्डाण आहे.

हिशेब करून पाहू. साधारण हँग ग्लायडर १ मीटर उंची खर्चून १२ मीटर पुढे जातो. स्पर्धेतला उत्तम पंख १५ पर्यंत. पंचवटीवर १५०० मीटर उंची मिळाली, तर स्थिर हवेत १८ किलोमीटर जाता येईल. म्हणजे टाकेदपर्यंत वाटेत निदान दोनदा तरी पुन्हा चढावं लागणार. पहिली आशा पांडवलेण्याच्या डोंगराची, कारण दुपारनंतर त्याच्या पश्चिम उतारावर ऊन थेट पडतं. पुढे देवळालीच्या माळावर काही मिळालं तर मिळालं. दारणेच्या पाण्यावर काहीही मिळणार नाही. तिथे उंची जपून, गुपचूप पार व्हायचं. आणि उशीर झाला तर घाट चढून आलेला पश्चिमेचा वारा सिन्नरच्या बाजूला ढकलत राहणार.

हे उड्डाण आज कागदावरच करायचं, हेही सांगायला हवं. ओझरला हवाई दल आणि एचएएलची धावपट्टी, इथल्या गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण, देवळालीला तोफखान्याचा सराव. या मुलखात परवानगीशिवाय एखाद्या टेकडीवरून उडी घेणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. हौस असलेले मावळात कामशेतला किंवा पाचगणीला जातात. तिथेही बहुतेक पंख पॅराग्लायडरचेच दिसतात, आणि पावसाळ्यात सगळं बंद.

आता सोबत उडणाऱ्या मित्रांकडे येऊ, कारण या खेळाबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज तिथेच आहे. फोटोत एकटा माणूस, खाली दरी, वर निळं आभाळ असं दिसतं आणि आपल्याला वाटतं की हा एकट्याचा छंद. लांबच्या उड्डाणात एकटा माणूस जवळजवळ आंधळा असतो. थर्मल दिसत नाही. तो आहे हे कळायला त्यात शिरावं लागतं, आणि चुकीच्या बाजूला शिरून पाहण्याची किंमत उंचीत मोजावी लागते.

मैत्री सुरू होते ती जमिनीवरच. उडी घेण्याआधी पायलट पंखाखाली आडवा लटकतो आणि एक जण पंखाचं नाक धरून उभा राहतो. हार्नेसचा पट्टा पंखाच्या कडीत अडकला आहे ना, कडीचं कुलूप फिरवलं आहे ना, पायाचे पट्टे लागले आहेत ना, हे दोघेही हाताने चाचपून बघतात. याला हँग चेक म्हणतात. पट्टा अडकवायला विसरून पंख हातात धरून धावत सुटण्याचे प्रकार या खेळात घडले आहेत, अनुभवी लोकांकडून घडले आहेत, आणि त्यांत माणसं गेली आहेत. स्वतःच्या पाठीमागची कडी स्वतःला दिसत नाही, इतकी साधी गोष्ट आहे ही.

हवेत गेल्यावर शहाणे मित्र एकामागोमाग एक जात नाहीत. ते शेजारी शेजारी, काही शे मीटर अंतर ठेवून, रुंद ओळीत पसरतात. मागून येणारा पुढच्याचीच हवा तपासत बसला तर नवीन काहीच कळत नाही. बाजूने गेला तर तितका पट्टा जास्त चाचपला जातो. एखाद्याचा पंख अचानक एका बाजूने उचलला जातो, व्हेरिओ नावाचं चढउतार सांगणारं यंत्र पिकपिक करू लागतं. उचललेल्या पंखाखाली थर्मल आहे असं समजून तो पंखाला त्याच बाजूला वळवतो. पंधरा-वीस सेकंदांची एक फेरी, मग दुसरी. बाकीच्यांना वॉकीटॉकीवर सांगण्याआधीच दिसतं, की तो वर जातोय. सगळे तिकडे वळतात.

पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने नंतर येणाऱ्यांनी फिरायचं, हा नियम जगभर पाळतात. वरच्याने खालून चढत येणाऱ्याला वाट द्यायची, कारण खालच्याला डोक्यावरच्या कापडामुळे वरचं दिसत नाही. रामकुंडावरच्या घारींना हे कुणी शिकवलं नाही, पण दुसरीच्या थर्मलमध्ये येऊन उलट फिरणारी घार क्वचितच दिसेल.

अशा सोबतीच्या उड्डाणाचं सर्वांत लांब उदाहरण ३ जुलै २०१२ चं आहे. अमेरिकेत टेक्ससमधल्या झपाटाहून डस्टिन मार्टिन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉनी ड्युरँड उडाले. दोघे सर्वांत लांब उड्डाणाच्या विक्रमासाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि तरी जवळजवळ दिवसभर सोबत, एकमेकांच्या फेऱ्या बघत, उत्तरेकडे गेले. ड्युरँड ७६१ किलोमीटरवर उतरला, मार्टिन ७६४ वर. ७६४ म्हणजे नाशिकहून निघून, नागपूर आणि गोंदिया मागे टाकून, थेट छत्तीसगडात राजनांदगावच्या आसपास. विक्रमांच्या यादीत नाव एकट्या मार्टिनचं लागलं. शेवटच्या ३ किलोमीटरचा विक्रम त्याचा खरा. आधीच्या ७६१ मध्ये कोणी कोणाला किती उंची दाखवली, याचा हिशेब कुठलीच यादी ठेवत नाही.

गिधाडांचा संसार तर सगळाच चढत्या हवेवर आणि एकमेकांकडे बघण्यावर उभा. सहा-सात किलोंचं धूड पंख मारून दिवसभर उडू शकत नाही, म्हणून तीही ऊन चढेपर्यंत कड्यावर बसून राहतात. कॉलिन पेनीक्विक या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आफ्रिकेत सेरेनगेटीच्या माळावर मोटर ग्लायडर घेऊन गिधाडांच्या मागे मागे उड्डाणं केली आणि त्यांची गती, उतार, फेऱ्या मोजल्या. आकाशात लांब लांब पसरलेली गिधाडं जमिनीकडे जितकं बघतात तितकंच शेजाऱ्याकडे बघतात. एकाने खाली सूर मारला की शेजारचं त्या दिशेने निघतं, त्याला बघून त्याच्या पलीकडचं. मेलेलं जनावर असं मैलोगणती पसरलेल्या डोळ्यांना कळतं.

हे डोळे आपल्याकडे पंधरा-एक वर्षांतच विझले. गुरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. हे कारण पाकिस्तानातल्या संशोधनातून २००४ मध्ये जगापुढे आलं आणि २००६ मध्ये भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर १९९२ च्या तुलनेत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतलं हजारात एखाद-दुसरं उरण्याची वेळ आली होती. लांब चोचीच्या गिधाडांतलीही बहुतेक संपली होती. यात विषाइतकीच वाईट गोष्ट म्हणजे उरलेल्यांना शेजारी राहिला नाही. पक्षी विरळ झाले की प्रत्येकाला अन्न स्वतःच शोधावं लागतं, आणि उपासमारीची शक्यता वाढते, असं गणिती प्रतिमानं दाखवतात.

नाशिकचं नशीब इतकं, की अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत. खडकावरून उतरलेले विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की कपारीत घरटं आहे असं समजावं. त्र्यंबक तालुक्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी कुंपण घातलेली जागा राखली आहे. गावात गुरं मेली की ती तिथे नेऊन ठेवतात. ताडोबातून २०२४ मध्ये सोडलेलं एक पांढऱ्या पाठीचं गिधाड तर सुमारे ४००० किलोमीटर भटकत तमिळनाडूपर्यंत पोचलं, हे त्याच्या अंगावरच्या उपग्रह यंत्रामुळे कळलं.

पण जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू जोडी लावायच्या वयाला यायला पाच-एक वर्षं लागतात. खोरीपाड्याच्या आभाळात पहिल्यासारखी दाटी व्हायला वेळ लागेल. तोवर गावातला बैल गेला की कुणीतरी वनखात्याला फोन करतो, आणि कुठे काय पडलंय ते गिधाडांऐवजी माणसंच एकमेकांना सांगतात.