बुटक्या रोपांचा दिवस

पहाटे साडेपाच. जुलै महिना, मोहोळजवळ पुणे-सोलापूर महामार्गालगतची एक रोपवाटिका. चहाच्या आधी रोपवाटिकेच्या मालकीण अक्का ट्रेच्या चळतीकडे जातात. पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले असतात, आत ऊब नि ओल टिकते. टोमॅटो आणि झेंडू तीन-चार दिवसांत मोड काढतात, मिरची आठवडा घेते. पहिले पांढरे आकडे वर आले की चळत तिथल्या तिथं मोडायची. अर्धा दिवस उशीर झाला तरी अंधारात देठ पिवळे, लांबुळके होतात आणि नंतर कितीही ऊन दाखवलं तरी सुधारत नाहीत. या धंद्यातलं अर्धं कसब रोप वाढवण्यात आहे, उरलेलं ते उंच होऊ न देण्यात.

सात वाजता पाणी. बोट खुपसून ओल बघितल्याशिवाय झारी उचलायची नाही. पाणी सकाळीच दिलं म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं सुकतात. रात्रभर चिंब राहिलेल्या ट्रेत पिथियमसारखी बुरशी देठ बुडाशी कुजवते, नि सकाळी रोपं आडवी. तहानेनं मेलेल्या रोपांपेक्षा लाडानं मेलेली जास्त.

साडेआठला बायका येतात आणि खरी पेरणी सुरू होते. पाच किलोची कोकोपीटची वीट रात्रीच भिजत घातलेली असते. ती फुगते, मोकळी होते, धुतली की तिच्यातला खार जातो. अठ्ठ्याण्णव कप्प्यांचा ट्रे भरायचा, वर दुसरा ट्रे दाबून बारीक खळगे पाडायचे, एका खळग्यात एकच बी. संकरित बी नगावर मोजून मिळतं, त्यामुळे कुणाचा हात सैल सुटत नाही. बी झाकायचं तेही त्याच्या जाडीच्या दुप्पट, फार नाही. एक नियम मात्र अक्का रोज बोलून दाखवतात: मिश्री किंवा तंबाखू झाली की साबणानं हात धुवायचे. तंबाखूतून मोझॅकचा विषाणू हाताला लागतो आणि टोमॅटो-मिरचीच्या रोपांत शिरतो. बायका हसतात, पण धुतात.

आज झेंडूच जास्त आहे. ट्रेत तीन आठवडे, मग रानात फूल यायला साधारण दोन महिने; दसऱ्यापासून उलटं मोजलं की पेरणी जुलैतच येते.

अकरानंतर ऊन चढलं तर शेडनेट ओढायचं, ढग आले की लगेच गुंडाळायचं. सावली कायमची ठेवली तर रोप उजेड शोधत ताणलं जातं. मग बांबूची हलकी काठी शेंड्यांवरून फिरवायची. असं रोज हललेलं रोप उंचीपेक्षा देठाची जाडी धरतं. बघणाऱ्याला हा खुळेपणा वाटतो.

एकला भाकरी. मालदांडीची, अर्थात. मालदांडी ३५-१ ही निवड १९३० च्या दशकात याच मोहोळच्या संशोधन केंद्रातली. त्या ज्वारीचं बी शेतकरी घरचं राखून पेरू शकतो. संकरित टोमॅटोचं राखलं तर पुढच्या पिढीत झाडागणिक वेगळं फळ. अक्कांचा धंदा त्यावरच चालतो, हे त्या मोकळेपणानं सांगतात.

तीनला गिऱ्हाईक.

"अक्का, रोपं लई बुटकी हायत की ओ!"

"बुटकीच पायजेत, दादा. मुळं बघा आधी."

त्या रोप उपसून दाखवतात. पांढऱ्या मुळांनी कोकोपीट घट्ट धरलेलं, एक कण सांडत नाही. गिऱ्हाइकाची नजर तरीही शेजारच्या उंच ट्रेवर. तो ट्रे दाटीत राहून गेलेला. रानात लावला की पहिल्याच वाऱ्यात लोळेल. अक्का तो विकत नाहीत, आणि त्यापायी गिऱ्हाईक गेलेलंही त्यांना चालतं.

पाठोपाठ गच्चीवर कुंड्या लावणारे एक गुरुजी. कोथिंबीर उगवतच नाही म्हणतात. आख्खे धणे पेरत होते. अक्का सांगतात, ते रगडून दोन डाळी करायचे, रात्रभर भिजवायचे, आणि थेट कुंडीतच टाकायचे. कोथिंबीर नि गाजर उपटून लावलेलं सोसत नाहीत.

पाचला चिकट पिवळे सापळे तपासायचे. पांढरी माशी चिकटलेली दिसली की जाळीचं भोक शोधायचं, कारण मिरचीची पानं आकसवणारा बोकड्या रोग तीही आणते. सहाला नवी चळत रचून, चिठ्ठीवर जात नि तारीख लिहून, प्लॅस्टिक ओढलं जातं.

तेवढ्यात फोन. कुणाला परवापर्यंत झेंडूची पाच हजार रोपं हवीत.

"आज टाकली तर तीन आठवड्यांनी मिळतील. टाकू का?"

पलीकडचा भाव विचारतो.