एक नळी, दोन कामे



वसंतातल्या संध्याकाळी बंदुकीवर बोलावयाचे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी बंदूक हातात धरलेली नाही, आणि पुढे धरण्याचा योगही येईल असे नाही. परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. पन्नास मीटरांवरून गुंडी टिपावयाची! यात माणसाचे कसब मोठे, हे उघडच आहे. पण ज्या यंत्रावर तो हे कसब चालवितो, त्यात असे काय असते? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर एका पोलादी नळीत आहे.

नॉर्वे, स्वीडन, अमेरिका अशा देशांत बंदूक जुळवून घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे जसा माणूस कापड एकीकडे घेतो आणि शिंप्याकडून अंगाबेताने शिवून घेतो, तसे तेथील हौशी नेमबाज दस्ता, चाप आणि नळी वेगवेगळ्या कारागिरांकडून घेऊन जुळवितात. त्यांच्यापैकी अनेकांची इच्छा अशी की, उन्हाळ्यात ज्या रायफलने स्पर्धेत नेम धरावयाचा, तीच शरद ऋतूत शिकारीला न्यावी. अशा माणसाने नळी कशी निवडावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम नळीच्या आतील पीळ पाहू. रायफलीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्या खाचांत रुतून गोळी फिरत फिरत बाहेर पडते. भोवरा फिरतो तोपर्यंत उभा राहतो आणि गती मंदावली की लडबडतो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. गोळीचेही तसेच. ती पुरेशी फिरली नाही तर हवेत कोलांट्या खाते आणि नेम फुकट जातो.

मग किती फिरवावी? ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ चा वणवा पेटला, तिच्या खाचा ७८ इंचांत एक फेरा घेत. त्याच सुमारास मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी प्रयोगांती दाखवून दिले की, नळी अरुंद करून, गोळी लांबट करून २० इंचांत एक फेरा दिला तर नेम कितीतरी सुधारतो. १८६० मध्ये विंबल्डनच्या स्पर्धेचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने केले, तेव्हा व्हिटवर्थची रायफल घोडीवर पक्की बांधून ठेवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून दीडएक इंचाच्या आत गोळी लागली. माणसाचा हात बाजूला ठेवला म्हणजे नळीची खरी परीक्षा होते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

पुढे १८७९ मध्ये ग्रीनहिल या गणितज्ञाने याचा एक सुटसुटीत हिशेब बसविला. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते पाहा. १५० ला त्या आकड्याने भागा. जे येईल तितक्या व्यासांत एक फेरा हवा. एक उदाहरण घेऊ. १८९४ पासून स्वीडन व नॉर्वे येथे ६.५ मिलिमीटरचे एक काडतूस चालत आले आहे. त्याची गोळी ६.७ मिलिमीटर जाड आणि समजा ३२ मिलिमीटर लांब आहे. लांबी व्यासाच्या पावणेपाच पट झाली. १५० ला पावणेपाचाने भागले की सुमारे साडेएकतीस, आणि त्याला ६.७ ने गुणले की सुमारे २१० मिलिमीटर. त्या काडतुसाच्या नळ्यांना २०० मिलिमीटरचा पीळ देतात. म्हणजे हिशेब आणि व्यवहार यांची गाठ पडली. सेकंदाला ७५० मीटर वेगाने निघालेली अशी गोळी सेकंदाला ३,७५० फेरे या गतीने फिरत असते!

म्हणून नळी घेणाऱ्याने स्वतःला पहिला प्रश्न विचारावयाचा तो नळीचा नव्हे, गोळीचा. कोणती गोळी मारणार? याला अलीकडे आणखी एक कारण झाले आहे. शिशाने माती आणि पशुपक्षी विषारी होतात म्हणून डेन्मार्कने २०२४ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद केली. तिच्या जागी तांब्याची गोळी आली. तांबे शिशापेक्षा हलके. तेव्हा तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला अधिक घट्ट पीळ लागतो. वडिलांच्या वेळची सैल पिळाची नळी मुलाला निरुपयोगी ठरू शकते, ती अशी.

दुसरी गोष्ट लांबी आणि जाडी. नळी लांब असली म्हणजे नेम अचूक, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. लांब नळीत दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास अधिक वेळ मिळतो आणि वेग थोडा वाढतो, इतकेच. शिकारी रायफलीत दर इंचामागे सेकंदाला साधारण सहा ते नऊ मीटर. उघड्या लक्षकांनी नेम धरणाऱ्याला पुढचा आणि मागचा लक्षक दूर असल्याचा लाभ होतो. दुर्बीण लावणाऱ्याला तोही नाही.

उलट लांब नळी जास्त हालते. सळईचा नियम असा आहे की, लांबी दुप्पट केली तर टोकावरील तेवढ्याच भाराने ती आठपट वाकते, आणि जाडी दुप्पट केली तर सोळापट ताठ होते. गोळी सुटताना नळी थरथरते. ती ताठ असेल तर थरथर कमी. जाड नळी तापतेही सावकाश. म्हणून स्पर्धेची नळी जाड. पण २६ इंच लांब आणि सर्वत्र इंचभर जाड अशी नळी एकटीच जवळजवळ २.४ किलो भरते. ती खांद्यावर टाकून दिवसभर डोंगर चढलेल्या माणसाचे हात ऐन वेळी कापू लागले, तर त्या ताठपणाचा काय उपयोग?

तिसरी गोष्ट धातू आणि घडण. नळ्या बहुधा दोन पोलादांच्या असतात: क्रोमियम-मॉलिब्डेनमचे पोलाद आणि न गंजणारे पोलाद. खाचा पाडण्याच्या मुख्य रीती तीन. एका हत्याराने खाच थोडी थोडी कोरीत जाणे ही जुनी रीत. अमेरिकेतील हॅरी पोप (१८६१–१९५०) यांनी तिच्यात नाव मिळविले. दुसरी, कठीण धातूची गुंडी नळीतून ओढून खाचा दाबून उठविणे. तिसरी, आत साचा घालून बाहेरून हातोड्यांनी ठोकणे. या तिन्ही रीतींनी उत्तम नळ्या झाल्या आहेत आणि वाईटही. पाहावयाचे ते हे की, पोलादातील ताण नीट काढला आहे काय. आतील व्यास टोकापासून टोकापर्यंत सारखा आहे काय, निदान तोंडाकडे रुंदावत तर नाही ना. आणि तोंडाची कड निर्दोष आहे काय. कडेला एक बारीकसा टवका उडाला तरी वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो.

चौथी गोष्ट आयुष्य. तापलेल्या वायूने काडतुसाच्या पुढचा भाग हळूहळू खाल्ला जातो. अरुंद नळीतून पुष्कळ दारू जाळणाऱ्या काडतुसाची नळी हजार-दीड हजार बारांत स्पर्धेतून बाद होते. सौम्य काडतुसाची काही हजार बार टिकते. वर्षाला दहा गोळ्या मारणाऱ्या शिकाऱ्याला याची चिंता नाही. रोज सराव करणाऱ्याला मात्र नळी ही धोतरजोडीसारखी झिजणारी वस्तू समजून चालावे लागते.

आता निवाडा. स्पर्धेच्या ३०० मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते. मोठ्या हरणाच्या छातीतील मर्मस्थान वीतभर, आणि तेथे गोळी टाकावयाची ती बहुधा शंभर-दीडशे मीटरांवरून. शंभर मीटरांवर तीन सेंटिमीटरांत गोळ्या बसविणारी नळी या दोन्ही कामांना चालते. त्याहून बारीक अचूकता स्पर्धेत कामी येते. रानात तिला अर्थ नाही. रानात प्रश्न वेगळाच असतो. कागदावर गोळी चुकली तर एक गुण जातो. जनावरावर चुकली तर ते पोटात गोळी घेऊन झाडीत शिरते आणि तासन्‌तास मरत राहते. म्हणूनच नॉर्वेत मोठी शिकार करणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. शिकाऱ्याच्या नळीची कसोटी थंड असतानाची पहिली गोळी ही होय. स्पर्धकाच्या नळीची कसोटी तापल्यानंतरची साठावी.

तेव्हा एकच नळी घ्यावयाची तर आम्ही मधली सुचवू: २४ इंचांच्या आसपास, मध्यम जाडीची, सौम्य काडतुसाची, आणि आपल्या गोळीला लागतो त्याहून किंचित घट्ट पिळाची. ज्याला दोन्हीकडे अव्वल राहावयाचे आहे, त्याने एका दस्त्यावर बदलता येणाऱ्या दोन नळ्या घ्याव्यात. स्वतःची फसवणूक करू नये.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, आणि ते योग्यच झाले. पण कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, तेव्हा त्यांच्या हातीही अशीच पारखलेली नळी होती. वरच्या दर्जाचे नेमबाज आपल्या नळीला कोणत्या घाण्याची काडतुसे मानवतात, हे रायफल पकडीत बसवून, बार काढून तपासतात. दोन नळ्या एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशीच्या असल्या तरी त्यांची आवड निराळी निघते.

वस्तू चांगली की वाईट, हे ती कशासाठी हवी ते ठरल्यावाचून सांगता येत नाही. नळी घेणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळावे. पुष्कळांना ते दुसरी नळी घेताना कळते.